भारुडातलं वतन आणि बहिणीचा वाटा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या स्मरणिकेत दिंडीची स्थापना, फडाची परंपरा, मुक्कामाची गावं, अन्नदान करणारी घरं यावर जाणती माणसं लिहितीलच. मला मंडळानं सांगितलं, "महाराज, तुम्ही भारुडावर लिहा." मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनात उभा राहिलो की शब्द येतो, कागदावर तो जरा अडखळतो. पण भारूड मुळात माझ्यासारख्यासाठीच केलेलं आहे, म्हणून धीर केला.

भारुडाविषयी सगळे एकच सांगतात, की नाथांनी अवघड अध्यात्म सोपं करून दिलं. ते खरंच आहे. पण एवढ्यावर थांबलं तर निम्मं भारूड राहून जातं. माझं म्हणणं असं, की भारूड हा वारशाचा खेळ आहे. कोण कुणाच्या पोटी आला, त्याच्या वाट्याला पाटीलकी आली का वेशीवरची राखण आली, आणि जे आलं ते धरून ठेवायचं का खाली ठेवायचं, याचा हा गात-नाचत केलेला विचार आहे. मी तो इतिहासाच्या अंगानं सांगतो आणि शेवटी आपल्याच गावात, आपल्याच सात-बारावर आणून सोडतो.

सोंग घ्यायचं आणि उतरवायचं

नव्या पिढीसाठी आधी भारूड कसं चालतं ते सांगतो. 'बहुरूढ' म्हणजे लोकांत फार रूढ झालेलं, त्यावरून भारूड असा अर्थ लावतात. वाचायचं भारूड वेगळं आणि उभं केलेलं वेगळं. मध्ये सोंगाड्या, मागं टाळकरी-झिलकरी, एक मृदंग, आणि पुढं बसलेली माणसं. सोंगाड्या डोक्याला फडकं गुंडाळतो, घोंगडी खांद्यावर टाकतो, काठी घेतो, की झाला वेसकर. तीच घोंगडी काढून मोरपिसांची टोपी घातली की झाला वासुदेव. परडी घेतली की जोगवा मागणारीण. लुगडं नेसला की सासू, नणंद, नवऱ्याला कंटाळलेली बाई. नाथांनी जोशी, गोंधळी, भुत्या, कोल्हाटीण, गारुडी, परटीण, फकीर, आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी कितीतरी सोंगं आणली. विंचू, एडका यांच्यावरही भारूड केलं.

आता यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे भारूड एकट्यानं होत नाही. सोंगाड्या एक ओळ टाकतो, झिलकरी ती उचलतात, आणि मधे कुणीतरी आडवा प्रश्न विचारतो. "काय रं, कुठनं आलास?" "तुझा गाव कंचा?" हा विचारणारा झिलकऱ्यातला असतो, नाहीतर थेट बसलेल्यांतला. आमच्या दिंडीत तर म्हाताऱ्या बायासुद्धा बसल्या जागेवरून बोलायच्या, आणि सोंगाड्याला तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागायचं. फुगडी सुरू झाली की बसलेली माणसं उठून रिंगणात येतात. मग बघणारा कोण आणि करणारा कोण हे उरत नाही.

दुसरी गोष्ट, सोंग उतरवता येतं. कीर्तनकाराच्या अंगावर जन्माची जात असते, ती त्याला वेशीपर्यंत सोडत नाही. पण भारुडात तोच माणूस एका रात्रीत पाच जातींचा होतो आणि पहाटे तोंड धुऊन काकड्याला उभा राहतो. बघणाऱ्याच्या मनात तेव्हा एक शंका येतेच, की घोंगडीनं माणूस वेसकर होतो आणि घोंगडी काढली की राहत नाही, तर जन्मभर ज्याच्या खांद्यावर ती ठेवली त्याची ती कुणी ठेवली?

नाथांच्या वेळचा गावगाडा

नाथांच्या काळात गाव चालायचा तो वतनावर. वतन म्हणजे बापाकडून मुलाला येणारा हक्क आणि काम. पाटील-कुलकर्ण्यांचं वतन मोठं. त्यांना मान, इनाम जमीन, गावच्या उत्पन्नात वाटा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार यांचं बलुतं. खळ्यावर रास झाली की आपापल्या मानानं धान्य घ्यायचं. सगळ्यात शेवटी महारांचं वतन. वेस राखायची, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची, सारा सरकारात पोचवायचा, गावात माणूस गेलं की परगावी निरोप द्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. त्याच्या बदल्यात थोडी जमीन, तिला हाडकी-हाडोळा म्हणत. वतन शब्द एकच, पण एकाला त्यात गादी मिळाली आणि दुसऱ्याला कधी न सुटणारं ओझं.

नाथांना ही दफ्तराची भाषा चांगली ठाऊक होती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि नाथ त्यांच्याकडे हिशेब ठेवायचे. एका पैची चूक रात्रभर शोधली ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नाथांच्या गाथेत अर्जदस्त आहे, अभयपत्र आहे, ताकीदपत्र आहे. अर्जदस्तात त्यांनी शरीरालाच परगणा केलंय. कामाला महाजन केलंय, मनाला देशमुख, क्रोधाला नाईकवाडी. सगळे वतनदार मिळून परगण्याची धूळधाण करतात आणि म्हातारपण आलं की कुणाचंच काही चालत नाही. ऐकणारा कुणबी पोट धरून हसत असेल, कारण हे महाजन आणि देशमुख त्यानं दिवसा बघितलेले असत.

जोहाराच्या भारुडात तर नाथांनी बोलायला उभा केला तो गावकुसाबाहेरचा महार. तो हातात काठी घेऊन सगळ्या गावाला जोहार घालतो आणि तोच गावाला त्याच्या कारभाराचा हिशेब विचारतो. चारशे वर्षांपूर्वी पैठणासारख्या शास्त्र्यांच्या गावात एका ब्राह्मणानं स्वतःच्या तोंडून, महाराच्या नावानं बोलावं, ही साधी गोष्ट नव्हती.

नाथांच्या घरातला वारसा

वारसा म्हणजे नुसती जमीन नव्हे. बापाचं श्राद्ध करायचा हक्क हाही वारसाच. नाथांची गोष्ट आपण कीर्तनात सांगतो, की श्राद्धाचा स्वयंपाक झाला, त्याचा वास आला, बाहेरच्या महारांच्या मनात आलं की असलं अन्न आपल्या नशिबी कुठलं, आणि नाथांनी ते श्राद्धाचं जेवण त्यांना वाढलं. पुढचे चमत्कार बाजूला ठेवू. पितरांसाठी शिजवलेला घास ज्यांना त्या घरात पाऊल टाकायचा हक्क नव्हता त्यांच्या ताटात गेला, इथंच त्या गोष्टीचं पाणी आहे.

नाथांचे चिरंजीव हरिपंडित विद्वान. बापाचं प्राकृतात सांगणं आणि सगळ्यांच्यात मिसळणं त्यांना पटलं नाही, ते रुसून काशीला गेले, पुढं परत आले. आणि नाथांचा शब्दाचा वारसा कुणाकडं गेला? महाभारत ओवीत आणणारे कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव. म्हणजे जमीनजुमल्यात मुलीला कुणी विचारत नव्हतं त्या काळात नाथांची कविता मुलीच्या अंगानं वाहत आली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं बहिणीच्या वाट्याची गोष्ट यायची आहे.

चोखोबांचं लेकरू

नाथांच्या कितीतरी आधी चोखोबांच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला होता. चोखोबा मंगळवेढ्याचे. १३३८ साली तिथं कुसवाचं काम चालू असताना भिंत पडली आणि त्यात ते गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ. घरात सोयराबाई, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे अभंग करणारे. पण कर्ममेळ्याचे अभंग वाचले की काळजात चर्र होतं. तो विठ्ठलाशी भांडतो. उष्टं खायचं आमच्या नशिबी का लिहिलंस, आम्हाला जवळ का येऊ देत नाहीस, असा त्याचा जाब. बाप देवाचा लाडका भक्त, तरी मुलाला बापाची भक्ती वारशानं मिळाली आणि बापाचं दाराबाहेर उभं राहणंही वारशानंच मिळालं. हा मुलगा आपल्या कीर्तनात फार कमी येतो. यायला पाहिजे.

सोंगाच्या उजेडाबाहेर

आता आपल्या दिंडीकडं येतो. जुनी माणसं सांगायची, की दिंडीच्या सुरुवातीच्या काळात जोहाराचं भारूड मोठं रंगायचं. घोंगडी घेऊन उभा राहायचा तो आमच्यातलाच कुणबी. सगळे हसायचे, डोळे पुसायचे. आणि गावातले खरे वेसकर, ज्यांच्या वाट्याला ते वतन आलेलं, ते कंदिलाच्या उजेडाबाहेर उभं राहून आपलंच सोंग दुसऱ्यानं केलेलं बघायचे. नाथांनी घातलेला प्रश्न आपण गायला शिकलो, पण ज्याचा प्रश्न त्याला रिंगणात घ्यायला वेळ लावला. शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर हेही लिहायला हवं, नाहीतर ती नुसती आरती होईल.

ज्यांना आपण उजेडात घेतलं नाही त्यांनी पुढं स्वतःचा कंदील लावला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला, आणि पुढं सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरले. तमाशाचाच बाज, तीच ढोलकी, पण गाण्यात सावकाराचा हिशेब आणि भिक्षुकाचा कारभार. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डकांचं नाव त्यात मोठं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करायचं विधेयक मांडलं होतं. ही कामं टाका, ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, असं त्यांचं सांगणं. जलसे तेच सांगत वस्त्यांतून फिरले. आपल्या भारुडात वेसकर हिशेब मागतो, पण घोंगडी खांद्यावर ठेवूनच. जलशातल्या माणसानं ती खाली टाकली. भारूड आणि जलसा ही मला एका घरातली दोन भावंडं वाटतात. एक माळकरी, एक रागीट. एकमेकांचं ऐकलं तर दोघांचंही भलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतन मोडलं. बाकीकडं १९५० ला परगणा-कुलकर्णी वतनं गेली, १९५८ च्या कायद्यानं महार वतनासारखी कनिष्ठ वतनं गेली, मग १९६२ च्या कायद्यानं पाटीलकी गेली. कागदावर गावगाडा संपला. वतनाच्या जमिनी त्या-त्या घरांना ठरावीक रक्कम भरून नव्या शर्तीनं देण्याचं ठरलं. ज्यांना ती रक्कम जमली त्यांच्या नावावर त्या राहिल्या. ज्यांना जमली नाही, त्यांची मुलं आज आपल्या उसाच्या फडात कोयता चालवताना दिसतात.

तुकोबांची वाटणी, पालखीची वाटणी

वारशाचा धडा घ्यायचा तर देहूला जायला पाहिजे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळ पडला, घरातली माणसं गेली. मग वडिलांच्या वेळची कर्जखतं घेऊन तुकोबा आणि धाकटे भाऊ कान्होबा इंद्रायणीकाठी बसले. परंपरा सांगते, की निम्मी खतं कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी तुकोबांनी डोहात सोडली. यात दोन्ही गोष्टी आहेत बघा. स्वतःच्या वाट्याचा त्याग केला, पण भावाचा वाटा त्याला विचारल्याशिवाय बुडवला नाही. त्याग करायचा तो आपल्या वाट्याचा, दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग आपण करायचा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. आळंदीहून माऊलींच्या पादुका आणि देहूच्या तुकोबांच्या पादुका एकत्र निघायच्या. पुढं वंशजांत हक्कावरून वाद झाले. मग आरफळचे हैबतबाबा, मूळचे शिंदे सरकारचे सरदार, त्यांनी १८३२ च्या सुमाराला माऊलींचा सोहळा वेगळा काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. आज ज्या सोहळ्यात आपण चालतो तो असा एका वाटणीतून जन्मला. हैबतबाबा माऊलींच्या वंशातले नव्हते, माऊलींना वंशच नव्हता. तरी माऊलींचा एवढा मोठा सोहळा त्यांच्याकडून उभा राहिला. रक्ताचा वारस भांडत बसतो आणि भक्तीचा वारस काम करून जातो, असं आपल्या इतिहासात एकदा नाही, पुष्कळदा झालेलं आहे. बहिणाबाईंनी ब्राह्मणाच्या घरात जन्मून तुकोबांना गुरू केलं. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी, पण त्यांचे अभंग नामदेवांच्या अभंगांच्या मांडीला मांडी लावून बसतात.

पंढरपुरातही वारशाचं दार उघडायला वेळ लागला. १ मे १९४७ ला साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा दिवसांनी ते सुटलं, आणि त्याच वर्षी चोखोबांच्या लेकरांना पायरीच्या आत जाता आलं. चोखोबांना जाऊन सहाशे नऊ वर्षं झाली होती. गाडगेबाबांनी बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. मंदिरातल्या बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरेच्या हक्कांवर १९७३ साली कायदा झाला, कोर्टात चाळीस वर्षं गेली, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शेवटचा निकाल लागला. त्यानंतर पूजेसाठी सगळ्या जातींच्या आणि बायांच्याही अर्जांना दार उघडलं. देवाच्या घरातलं वतन मोडलं. आता आपल्या घरातलं.

बहिणीचा वाटा

वारीत भारूड हा मानाचा कार्यक्रम आहे. माऊलींच्या सोहळ्यात वेळापूरजवळ मानाचं भारूड होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या दिंडीतही मुक्कामावर रात्री भारूड होतं. गेली काही वर्षं आम्ही नाथांच्या भारुडांना जोडून एक नवं सोंग करतो, 'वाटणीचं भारूड'. त्याची माहिती पुढच्या लोकांसाठी लिहून ठेवतो.

सोंगं चार. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, बहीण आणि तलाठी. बाप वारलेला, तेरावा झालेला. तलाठी वारस नोंद करायला आलाय. कायद्यानं बहिणीचं नाव लागतंच, म्हणून थोरला म्हणतो, "आक्का, एक सही कर, हक्कसोड पत्रावर." झिलकरी पाळणाच्या चालीवर गातात. माहेरची वाट, आईच्या हातची भाकरी, विहिरीवरचा आंबा, सगळं गाण्यात येतं. बहीण पेन हातात घेते. तिथंच मृदंग थांबतो. सोंगाड्या बसलेल्या माणसांकडं वळतो आणि विचारतो, "मंडळी, पंच तुम्हीच. बापाला लेकरं किती?" लोक म्हणतात, "तीन." "मग शेताचं वाटं किती?"

पहिल्यांदा हे केलं त्या रात्री पुरुषांच्या बाजूनं एका दमात आवाज आला, "दोन!" हशा झाला. मग बायांच्या बाजूनं, अगदी मागून, एका म्हातारीचा आवाज आला, "तीन." तिच्यामागं आणखी दोघी, मग दहा, मग सगळ्या तुळशीवाल्या बाया "तीन, तीन" म्हणून टाळ्या वाजवायला लागल्या. आता हे भारूड कुठंही केलं की या जागेवर भांडण होतंच. ते व्हावं म्हणूनच मृदंग थांबवलाय.

लोक काय काय बोलतात ते सांगतो. एक जण म्हणाला, "लग्नात खर्च केला, हुंडा दिला, दर दिवाळीला साडीचोळी करतोय, अजून काय द्यायचं?" त्याला एका बाईनं उत्तर दिलं, "साडी फाटती दादा, रान फाटत न्हाई." दुसरा म्हणाला, "दीड एकराचं तीन तुकडं केल्यावर बैल कुठं वळवायचा?" बहिणीच्या सोंगातली बाई म्हणाली, "दोन केलं तवा वळत होता व्हय?" आणखी एक म्हणाला, "बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं." यावर मात्र सगळे गप्प होतात. कारण ते खरं आहे. कितीक बाया सही करतात ती लोभ नाही म्हणून नव्हे, राखी पौर्णिमेला भावाचं दार उघडं राहावं म्हणून. त्यागाचं नाव देऊन आपण भीतीची सही घेतो. तुकोबांनी आपली खतं बुडवली, कान्होबांची नाही. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिनं सोडावा, पण आधी तो तिच्या हातात असू द्या. हातात नसलेली वस्तू कुणी सोडत नसतं.

कायदा काय सांगतो तेही भारुडात तलाठ्याच्या तोंडी घातलंय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा आला, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगे जन्मानं हक्कदार आणि मुली नाही, असं राहिलं. महाराष्ट्रानं १९९४ साली तिथंही मुलीला हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ साली सगळ्या देशाला कायदा लागला आणि लग्नाची अट गेली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा, २००५ ला बाप हयात असो वा नसो. इतकं सगळं झालं तरी हक्कसोड पत्राच्या एका सहीनं ते पुसलं जातं. नोंदणी कार्यालयात गर्दी कुणाची असते ते जाऊन बघा.

या सोंगावर दिंडीतही नाराजी झाली. काही ज्येष्ठ म्हणाले, "हे परमार्थात कशाला?" त्यांचा मान ठेवून सांगतो, नाथांनी सासू, नणंद, दादला हे सगळं परमार्थात आणलं. घरातल्या बाईचा जाच भारुडात चालतो, मग तिचा वाटा का चालू नये? दुसरा प्रश्न मला त्याहून अवघड वाटला. भूमिहीन वस्तीतला एक टाळकरी भारूड संपल्यावर म्हणाला, "महाराज, तुमच्या भारुडात तीन वाटं झालं. आमच्या बापानं सात-बाराच ठेवला न्हाई, आमचं भारूड कंचं?" त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. ते भारूड त्यानं करावं आणि आपण झिलकरी व्हावं, एवढंच मला कळतं.

पूर्वी बहिणीचं सोंग पुरुषच लुगडं नेसून करायचा. आता बाईच करते. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींनी भारुडात बाईचा आवाज महाराष्ट्रभर नेला, त्यामुळं आमच्या बायांनाही धीर आला. पुरुषानं ते सोंग केलं की लोक हसायचे. बाईनं पेन हातात धरून थांबली की कुणी हसत नाही.

वीणा

शेवटी एक गोष्ट सप्ताहातली. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची वेळ संपली की पुढचा येतो, वीणा घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तिचे वाटे होत नाहीत आणि ती कुणाच्या नावावरही लागत नाही. पाळी असेपर्यंत उभं राहायचं, पाळी संपली की द्यायची. आपली जमीन, आपला मान, आपल्या दिंडीचं चालकपण हे सगळं याच रीतीनं हातात आलेलं आहे, असं मी मानतो.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं मंडळापुढं तीन गोष्टी ठेवतो, बैठकीत विचार व्हावा. एक, वीणेच्या पाळीच्या यादीत बायांची आणि सगळ्या वस्त्यांची नावं यावीत, कुणाच्या घरातला आहे हे न विचारता. दोन, जोहाराचं भारूड पुढं ज्या घरांत ते वतन होतं त्यांना करायचं असेल तर पहिला मान त्यांचा, आणि नको असेल तर तोही मान त्यांचा. तीन, वाटणीचं भारूड मुक्कामावर दरवर्षी व्हावं, आणि मृदंग थांबतो तिथं लोकांना पुरतं भांडू द्यावं, चालकानं घाईनं आरती सुरू करू नये.

एवढं लिहून पुरे करतो. आषाढीच्या वाटेवर भेटूच.

बोला पुंडलिक वरदा हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.